नावांची गोधडी

एड्सने गेलेल्या माणसांच्या नावाने १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक गोधडी शिवायला घेतली गेली. एरवी एका खोलीत कधीच बसली नसती अशी माणसे त्या शिवणाच्या निमित्ताने शेजारी बसली आणि बोलू लागली. त्या गोधडीची ही हकीकत, आणि आपल्या घरांशी असलेला तिचा संबंध.

गोधडी शिवायला बसलेल्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे फारशा बघत नाहीत. नजर सुईवर असते. दुपारची कामे आटोपली की ओसरीवर जुनी लुगडी पसरायची, कडेने बसायचे आणि धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायचे. कुठे तिला वाकळ म्हणतात, कुठे लेपटे, काम तेच. त्याला दिवस लागतात, आणि त्या दिवसांत जे बोलले जाते ते एरवी घरात बोलले जात नाही. सासरचा जाच, पोटातच गेलेले मूल, धाकट्या दिराला लागलेले व्यसन, माहेरी न कळवलेले आजारपण. समोर बसवून विचारले असते तर त्याच बाईने 'काही नाही, सगळे ठीक आहे' असे म्हणून पदर सावरला असता. हात कामात आणि डोळे कापडावर असले की अवघड गोष्ट बोलून जाते. ऐकणारीलाही ते सोपे जाते, कारण तिला लगेच काही उत्तर द्यावे लागत नाही. ती पुढचा टाका घालते.

हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. पण याच गोष्टीच्या बळावर एक फार मोठे काम उभे राहिले ते आपल्यापासून दूर, अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात. ज्यांच्याविषयी घरात बोलायचेच नाही असा दंडक होता, त्या मुलांविषयी तिथे बोलले गेले. आणि ज्यांना नात्याचे नावच नव्हते, त्या माणसांना तिथे आप्त म्हणून जागा मिळाली.

त्या काळी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागात देशभरातून तरुण मुले येत होती. कोकणातून आणि घाटावरून माणूस मुंबईला येतो तो पोटासाठी. ही मुले आली होती ती आहोत तसे उघडपणे जगता यावे म्हणून. ती समलिंगी होती. गावाकडे ते कोणाला सांगायची सोय नव्हती. घरी पत्रे जात, नाताळला भेटी होत, पण आपण कोणाबरोबर राहतो, कोणावर जीव आहे, हे बहुतेकांच्या पत्रांत नसे.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना झालेल्या एका दुर्मिळ न्यूमोनियाची नोंद छापून आली. पाचही जण समलिंगी होते, आणि नोंद छापली जाईपर्यंत त्यांतले दोघे दगावले होते. पुढच्या वर्षी या रोगाला एड्स हे नाव मिळाले. त्यावरचे पहिले औषध यायला १९८७ साल उजाडले, आणि तेही पुरे पडणारे नव्हते. मधल्या सहा वर्षांत कॅस्ट्रोसारख्या वस्त्यांतून तिशी-पस्तिशीतली माणसे एकामागून एक जात राहिली.

कल्पना करून पाहा. अशा मुलाने आईला फोन करून 'मी आजारी आहे' एवढे सांगायचे म्हटले तरी त्याला एका वाक्यात दोन गोष्टी सांगाव्या लागत होत्या. एक, आपण मरणार आहोत. दुसरी, आपण कोण आहोत. कित्येकांनी दोन्ही सांगितल्या नाहीत. कित्येकांनी सांगितल्या आणि घराची दारे बंद झाली. काही आईबाप धावत आले आणि शेवटपर्यंत उशाशी बसले, हेही खरे. पण पुष्कळ घरांनी शेजाऱ्यांना कर्करोग सांगितला. अंत्यविधी करणाऱ्या संस्थांपैकी काहींनी देह हाताळायला नकार दिला. वृत्तपत्रांत येणाऱ्या मृत्यूच्या बातमीत आईवडील, भावंडे, भाचरे यांची नावे असत. दहा वर्षे एका घरात राहिलेल्या आणि अखेरचे वर्षभर शुश्रूषा केलेल्या सोबत्याचे नाव बहुधा नसे. आपल्याकडे 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे' हे वाक्य ठरलेले असते. त्या वाक्यात ज्याला जागा नाही त्याने रडायचे कुठे आणि कोणाजवळ, असा तो प्रश्न होता.

हार्वे मिल्क हे सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळावर निवडून आलेले, आपण समलिंगी असल्याचे न लपवणारे लोकप्रतिनिधी. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी ते आणि शहराचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची गोळ्या घालून हत्या झाली. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी शहरात मेणबत्त्यांचा मोर्चा निघे. मिल्क यांच्या हाताखाली काम शिकलेला क्लीव्ह जोन्स हा कार्यकर्ता मोर्च्याच्या तयारीत असे. १९८५ च्या मोर्च्याची तयारी चालू असताना त्याला कळले की या एका शहरात एड्सने मेलेल्यांची संख्या हजाराच्या वर गेली आहे. त्याने मोर्चात येणाऱ्यांना सांगितले, आपल्या गेलेल्या माणसाचे नाव पुठ्ठ्यावर लिहून आणा. मोर्चा संपल्यावर लोकांनी शिड्या लावून ते पुठ्ठे केंद्र सरकारच्या कचेरीच्या भिंतीवर चिकटवले. काही पुठ्ठ्यांवर पूर्ण नाव होते, काहींवर पूर्ण नाव लिहिण्याचा धीर झालेला नव्हता. दूर उभे राहून जोन्सने त्या भिंतीकडे पाहिले, तेव्हा त्याला ती ठिगळे जोडलेल्या गोधडीसारखी दिसली. जोन्स मूळचा इंडियाना प्रांतातला. तिकडेही घरोघरी आज्यांनी शिवलेल्या गोधड्या असत.

गोधडीच का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. संगमरवरी स्मारक उभारता आले असते. पण स्मारक शिल्पकार करतो आणि बाकीचे बघतात. गोधडी कोणालाही शिवता येते. शिवाय ती ऊब देणारी, घरातली, आजीच्या हातची वस्तू. ज्या मुलांना घराने बाहेर ठेवले त्यांच्यासाठी मुद्दाम घरातलीच वस्तू निवडली गेली, हे ध्यानात घेतले पाहिजे. या माणसांना देशाने आपल्या घरातली म्हणावे, अशी ती मागणी होती.

त्यानंतर वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर जोन्सने आपला मित्र मार्व्हिन फेल्डमन याच्या नावाने पहिला तुकडा तयार केला. जून १९८७ मध्ये त्याने माइक स्मिथ आणि इतर काही जणांसह नेम्स प्रोजेक्ट ही संस्था स्थापन केली. मार्केट स्ट्रीटवर एक गाळा मिळाला. लोकांनी शिलाई मशिने आणून दिली, कापड दिले, दोरे दिले. नियम अगदी थोडे होते. प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे एका माणसाच्या थडग्याएवढा. असे आठ तुकडे जोडले की बारा फुटांचा चौरस होतो. बाकी कसे शिवायचे, काय लावायचे, किती सुबक, यावर बंधन नव्हते. ज्यांनी जन्मात सुईत दोरा ओवला नव्हता असे पुरुष येऊन शिवू लागले. गर्ट मॅकमुलिन ही बाई अगदी सुरुवातीला एक तुकडा घेऊन आली आणि तिथेच राहिली. पुढची कित्येक दशके ती गोधडी जोडत, दुरुस्त करत, जपत आली.

लोकांनी कापडावर काय काय लावले याची यादी वाचताना माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात. जीन्स, टेनिसचे बूट, गाडीच्या किल्ल्या, मोती, प्रेमपत्रे, स्पर्धेत मिळालेल्या फिती, लहानपणीची कापडी अस्वले, लग्नाच्या अंगठ्या, फोटो, आणि काही तुकड्यांवर प्रत्यक्ष रक्षासुद्धा. हे सगळे कोणी तरी कपाटातून काढले, हातात घेतले, त्याची कुठे जागा करायची हे ठरवले आणि टाके घातले. हा वेळ महत्त्वाचा आहे. एक तुकडा पुरा होईपर्यंत शिवणाऱ्याला त्या माणसाविषयी विचार करावाच लागतो, आणि शेजारी बसलेल्याने 'हा कोण?' असे विचारले तर उत्तर द्यावेच लागते.

गाळ्यात ते विचारले जात होते. दूरच्या प्रांतांतून आया मुलाच्या नावाचा तुकडा घेऊन येत. ज्या आईने मुलाच्या सोबत्याचे नाव कधी घेतले नव्हते, तिच्या शेजारच्या टेबलावर दुसऱ्या कोणाचा तरी सोबती टाके घालत असे. तो तिचा कोणी लागत नव्हता, म्हणून बोलणे सोपे होते. आपल्या मुलाला जे विचारायचे राहून गेले ते या परक्या मुलाला विचारता येत होते, आणि आपल्या आईला जे सांगायचे राहून गेले ते त्या मुलाला या परक्या बाईला सांगता येत होते. मध्ये कापड होते, म्हणून कोणालाही दुसऱ्याच्या डोळ्यांत बघून बोलण्याची सक्ती नव्हती. सुरक्षित जागा म्हणतात ती अशी असते. तिला कडी-कुलूप नव्हते. गाळा रस्त्यावर होता, दार उघडे होते. सुरक्षितता होती ती एवढीच, की आत आलेल्याला 'तू याची कोण?' किंवा 'तू याचा कोण?' याचा पुरावा द्यावा लागत नव्हता. आई, भाऊ, प्रियकर, शेजारीण, परिचारिका, कोणीही तुकडा आणला तरी तो जोडला जात होता. एकाच माणसाच्या नावाने दोन-तीन तुकडे आले तर तेही जोडले जात.

११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या विस्तीर्ण मैदानावर ही गोधडी पहिल्यांदा उलगडली गेली. त्या दिवशी तीत १९२० तुकडे होते, आणि ती फुटबॉलच्या मैदानाहून मोठी झाली होती. पांढरे कपडे घातलेले स्वयंसेवक घडी घातलेला एकेक चौरस कमळाच्या पाकळ्या उघडाव्यात तसा उलगडत होते, आणि ध्वनिक्षेपकावरून एकेक नाव वाचले जात होते. वाचणे म्हणजे केवळ नाव वाचणे. भाषण नाही, घोषणा नाही. ज्यांच्या मृत्यूच्या बातमीत खोटे कारण छापले गेले होते त्यांची नावे राजधानीत, उघड्या आभाळाखाली, मोठ्याने उच्चारली गेली. त्या शनिवार-रविवारी पाच लाख लोकांनी ती पाहिली असे संस्था सांगते. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्षांच्या निवासस्थानासमोर ती पुन्हा अंथरली गेली, तेव्हा तुकड्यांची संख्या ८२८८ झाली होती.

गोधडीवर एक माहितीपट निघाला, 'कॉमन थ्रेड्स'. १९८९ सालच्या या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. त्यात पाच तुकड्यांमागची पाच आयुष्ये सांगितली आहेत, आणि ती निवड बोलकी आहे. एक टॉम वॅडेल, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डेकॅथलॉन खेळलेला डॉक्टर. दुसरा चित्रपट-अभ्यासक व्हिटो रुसो यांचा सोबती. तिसरा हिमोफिलिया झालेला लहान मुलगा, ज्याला रक्तघटकाच्या औषधातून संसर्ग झाला. चौथा अमली पदार्थांच्या आहारी गेलेला एक विवाहित पुरुष. पाचव्याचा सोबती नौदलातला अधिकारी. त्याने आधी मित्राचा तुकडा शिवला आणि मग, स्वतःलाही तोच रोग असल्याने, स्वतःचा. त्या लहान मुलाचे आईबाप आणि तो नौदल अधिकारी एरवी एका जेवणाच्या टेबलावर बसले नसते. गोधडीत त्यांची माणसे एका कापडाला जोडली गेली.

या गोधडीत एक तुकडा रॉय कोन यांच्या नावाचाही आहे. पन्नासच्या दशकात सिनेटर मॅकार्थींचे उजवे हात म्हणून या वकिलाने अनेकांना नोकऱ्यांतून उठवले, त्यांत समलिंगी असल्याच्या संशयावरून उठवलेलेही होते. स्वतःविषयी मात्र त्यांनी अखेरपर्यंत नकारच दिला. आपल्याला यकृताचा कर्करोग आहे असे ते सांगत राहिले आणि १९८६ मध्ये एड्सने गेले. त्यांच्या तुकड्यावर कोणी तरी तीन शब्द घातले आहेत: दांडगाई करणारा, भित्रा, बळी. प्रत्येक कुळात एखादा असा माणूस असतो ज्याच्याविषयी चांगले बोलवत नाही, पण श्राद्धाच्या दिवशी त्याचेही पान मांडले जाते. आप्तपणा म्हणजे नुसती माया नव्हे, त्यात हिशेबही येतो, हे त्या शिवणाऱ्याला कळले होते.

आणि काही तुकड्यांवर नावच नाही. एकावर मृताच्या भावंडाने लिहिले आहे की नाव जाहीर होऊ नये अशी आईवडिलांची इच्छा होती. भावंडाला भाऊ हवा होता आणि आईबापांचा शब्दही मोडवत नव्हता. दोन्ही सांभाळून जेवढे शिवता आले तेवढे शिवले. ज्यांनी एकत्र कुटुंबात दिवस काढले आहेत त्यांना ही कोंडी समजावून सांगावी लागणार नाही.

गोधडीवर टीकाही झाली, आणि ती आपल्यातल्याच माणसांकडून झाली. त्याच १९८७ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या 'ॲक्ट अप' या लढाऊ संघटनेतल्या अनेकांचे म्हणणे होते की कापड शिवून आणि रडून काय होणार? औषधे महाग आहेत, सरकार ढिम्म आहे, रस्त्यावर उतरा. ऑक्टोबर १९९२ मध्ये गोधडी वॉशिंग्टनला अंथरलेली असतानाच त्यांनी आपल्या माणसांच्या रक्षा नेऊन अध्यक्षांच्या निवासस्थानाच्या हिरवळीवर टाकल्या. त्यांचा राग खरा होता आणि त्या रागाने औषधांच्या चाचण्यांचे नियम बदलले, हेही खरे. पण मोर्चात येऊ न शकणारी माणसेही होती. लहान गावातली शिक्षिका असलेली आई घोषणा देत रस्त्यावर उतरली नसती; तिने रात्री जागून मुलाच्या शर्टाचे तुकडे जोडले. दोघांचीही गरज होती.

या सगळ्यात एक दुःख उरतेच. गोधडीने माणसांना बोलते केले, पण ज्याच्याविषयी बोलायचे तो तेव्हा उरलेला नव्हता. आईची आणि मुलाच्या सोबत्याची गाठ पडली ती मुलाच्या पश्चात. हे बोलणे त्याच्या देखत झाले असते तर?

हा प्रश्न आपल्याकडच्या घरांचाही आहे, आणि मराठी रंगभूमीने तो फार आधी मांडला. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १५ ऑगस्ट १९८१ रोजी ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये रंगमंचावर आले. दिग्दर्शन विनय आपटे यांचे, आणि सुमित्रा देव ऊर्फ मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. लॉस एंजेलिसची ती नोंद छापून आल्याला तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. अर्थात दोहोंचा संबंध नाही, काळ तेवढा एक. मित्राला आपले मन मुलीकडे ओढते हे उमगलेले आहे. कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते, आणि समोर नायिका असलेल्या नमावर तिचा जीव जडतो. म्हणजे नाटकातल्या नाटकात, रंगवलेल्या चेहऱ्याआडच, तिला आपले खरे बोलता येते. ऐकणारा एकच आहे, बुजरा बापू. घरी बोलण्याची वाट नाही, बाहेर पत्रांच्या आधारे छळणारा माणूस आहे, आणि शेवटी मित्रा जीव देते. एका मित्राचे ऐकणे एका माणसाला किती काळ तगवू शकते आणि कुठे अपुरे पडते, हे तेंडुलकरांनी कुठलीही दयामाया न दाखवता दाखवले.

कला म्हटली की ती आपोआप आसरा देते असे मात्र समजू नये. आपल्या तमाशाप्रधान चित्रपटांतला नाच्या आठवा. गणपत पाटील हे ताकदीचे नट. पण बायकी हावभाव करणाऱ्या त्या एका भूमिकेत चित्रपटसृष्टीने त्यांना बांधून टाकले आणि त्याची झळ त्यांच्या खासगी आयुष्यालाही लागली. प्रेक्षागृहात जेव्हा त्या हावभावांवर हशा उसळत होता, तेव्हा तिथेच अंधारात आईबापांशेजारी बसलेल्या एखाद्या मुलाने आपण कधीच काही बोलायचे नाही हे ठरवून टाकले असेल. तोच पडदा पुढे बदललाही. राजीव पाटील यांचा 'जोगवा' २००९ मध्ये आला आणि देवीला सोडलेल्या जोगत्याचे आयुष्य त्याने समोर ठेवले; रवी जाधव यांच्या 'नटरंग'ने २०१० मध्ये नाच्याच्या लुगड्यातल्या माणसाची अवहेलना दाखवली. घराघरांतून लोक हे चित्रपट बघायला गेले. परत येताना जे बोलणे झाले असेल ते चित्रपटातल्या माणसाविषयी झाले असेल. पण घरातल्या एखाद्याने ते कान देऊन ऐकले असेल.

चेतन दातार यांचे 'एक माधवबाग' हे नाटक या दिशेने आणखी पुढे गेले. त्यात रंगमंचावर एकटी आई असते. मुलाने लिहून ठेवलेल्या मजकुरातून तिला तो समलिंगी असल्याचे कळते, आणि पुढे तासभर ती स्वतःशी झगडते. दातार २००८ मध्ये गेले, पण मोना आंबेगावकर यांनी या नाटकाचे प्रयोग आणि वाचने चालू ठेवली आणि प्रयोगानंतर प्रेक्षकांशी गप्पा होऊ लागल्या. या गप्पांचे मर्म गोधडीच्या गाळ्यासारखेच आहे. 'माझा मुलगा' असे म्हणून सुरुवात करायचा धीर होत नाही. पण 'त्या आईला आधी संशय कसा आला नाही?' हे विचारता येते. 'तिने नातेवाइकांना काय सांगितले असेल?' हेही विचारता येते. नाटक मध्ये असते, सगळ्यांची नजर त्या पात्रावर असते, आणि आपले दुःख त्या पात्राच्या नावावर थोडा वेळ ठेवता येते. आणि इथला मोठा फरक असा, की या नाटकातला मुलगा जिवंत आहे. बोलायला वेळ आहे.

मधल्या काळात कायदाही हलला. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. त्या खटल्यातील मुख्य अर्जदार नवतेज जोहर हे भरतनाट्यम् नर्तक, हे या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने नमूद करायला हवे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. म्हणजे वीस वर्षे एका घरात संसार केलेली दोन माणसे एकमेकांची कोण, हे सांगायला शब्द अजून नाही. आपल्या घरांतून अशा माणसाची ओळख 'रूम पार्टनर' म्हणून करून दिली जाते, आणि आजी-आजोबांसमोर तेवढ्यावर भागवले जाते. २०२४ मध्ये केंद्र सरकारने काही अंतरिम सूचना काढल्या. त्यांत शिधापत्रिका आणि संयुक्त बँक खाते यांबरोबर आणखी एक मुद्दा होता: जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर सोबत्याला मृतदेह ताब्यात घेता यावा, असे आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवले. ते वाचताना १९८७ चा तो शिवणाचा गाळा आठवल्याशिवाय राहत नाही. अखेरच्या क्षणी 'तू याचा कोण?' हा प्रश्न तिथे विचारला जात नव्हता. इथे तो अजून विचारला जातो, आणि सोबत्याची पाळी नातेवाईक नसतील तेव्हाच येते.

नातेवाईक असतील तेव्हा काय, हे सरकारी पत्राने ठरणार नाही. ते घरात ठरते, आणि घरात त्याविषयी बोलायला सुरुवात कशी करावी हेच बहुतेकांना कळत नाही. 'तुला काही सांगायचे आहे का?' असे समोर बसवून विचारले तर उत्तर 'काही नाही' असेच येईल. त्यापेक्षा रविवारी एखादे नाटक एकत्र बघावे, एखादा चित्रपट लावावा, आणि त्यातल्या माणसाविषयी आपण काय बोलतो याकडे लक्ष ठेवावे. ऐकणारा ऐकत असतो. त्या पात्राला आपण हसलो की त्याच्या बाजूने चार शब्द बोललो, यावर त्याचे पुढचे बोलणे किंवा न बोलणे ठरते. यासाठी घरात कोणी तसे असल्याची खात्री असण्याची गरज नाही.

ती गोधडी आज पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोतच आहे. ऑक्टोबर १९९६ मध्ये ती वॉशिंग्टनच्या मैदानावर अखेरची संपूर्ण अंथरली गेली. त्यानंतर ती इतकी वाढली की एका जागी मावेना. आता तीत सुमारे ५० हजार तुकडे आहेत, १ लाख १० हजारांच्या आसपास नावे आहेत, आणि तिचे वजन ५४ टन आहे. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा गर्ट मॅकमुलिन यांनी गोधडीसाठी आलेल्या कापडातले उरलेले कापड काढले आणि त्याचे मास्क शिवायला बसल्या. गोधडीत नवे तुकडे अजून येतात. अनेक वर्षांपूर्वी गेलेल्या भावाच्या, मामाच्या, मुलाच्या नावाचा तुकडा कोणी तरी आता शिवून पाठवते. तेव्हा घरात बोलणे झाले नव्हते, ते इतक्या वर्षांनी झालेले असते.